फाडफाड वाचतो, पण डोक्यात काही शिरत नाही (पाचवीचं इंग्लिश)

डिचोलीकर_बाप: नमस्कार मंडळी. घरी आम्ही कोंकणी बोलतो, मुलगा चौथीपर्यंत मराठी प्रायमरीत, आणि यंदा पाचवी म्हणजे एकदम सगळंच इंग्लिश. वाचायला सांगितलं तर फाडफाड वाचतो. पण परवा एका धड्यात नदीला जोराचा करंट (म्हणजे प्रवाह) होता असं आलं, काय समजलं विचारलं तर म्हणतो पाण्यात वीज सोडलेली! बरं पुढच्याच ओळीत माणसं त्याच नदीत पोहतायत, त्याचंही ह्याला काही नाही, गेला पुढे. बायको बीएड करतेय, ती म्हणते ह्याला मेटाकॉग्निशन शिकवायला हवं. खरंच फायदा होतो की हे फक्त पेपरात लिहायचं असतं?

पेडण्याची_टीचर: हसले हो, पण माझ्या वर्गात रोज हेच. शब्द चुकला त्याचं काही नाही, पोहणारी माणसं आली तेव्हा तो अडला नाही, गोची तिथे आहे. आपल्याला कळतंय की नाही यावर आपणच नजर ठेवायची, नाही कळलं तर थांबायचं, मागे जायचं, अंदाज बांधायचा, एवढाच त्या भारी शब्दाचा अर्थ. मार्कमन नावाच्या बाईंनी १९७९ मध्ये मुलांना उतारे ऐकवले होते, त्यातल्या एकात समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नाही असं म्हटलंय आणि तिथले मासे खाणं रंगावरून ओळखतात असंही म्हटलंय. सहावीतल्या बऱ्याच मुलांनासुद्धा ते खटकलं नाही, तेही स्वतःच्या भाषेत! मग आपल्या पोरांना तिसऱ्या भाषेत कुठून खटकणार.

म्हापशेकर७: कदंब बसमध्ये बसून टाइप करतोय, चुका माफ. टीचर, मान्य, पण शब्दच येत नसतील तर नजर ठेवून काय दिसणार? हू आणि नेशन यांचा २००० सालचा अभ्यास आहे, कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. पाचवीच्या पुस्तकात आपल्या मुलांना ओळीत दोन असतात. आणि थांबणं, मागे जाणं अशा स्ट्रॅटेजी वापरणाऱ्यांना जास्त समजतं हे बरेचदा प्रश्नावलीवरून काढलेलं असतं, मुलं टिक करतात, मी असं करतो तसं करतो. चांगलं वाचणाराच तसं करत असेल तर? आधी कोण, अंडं की कोंबडी.

पेडण्याची_टीचर: प्रश्नावलीचं बरोबर. पण पालिन्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये शिकवूनच बघितलं ना, वाचता येतं पण समजत नाही अशी सातवीची मुलं घेतली. थोडं वाचायचं, मग सारांश, एक प्रश्न, अडलेलं सोडवणं, पुढे काय येईल त्याचा अंदाज, आणि मुलांनी आळीपाळीने टीचर व्हायचं. त्यांचं समजणं खरंच सुधारलं. फक्त ती मुलं आपल्यासारखी नवी भाषा शिकत नव्हती, म्हणून मी शब्द आधी सांगून टाकते आणि बाकी बोलणं कोंकणी-मराठीत ठेवते. डिचोलीकर, इंग्लिशमध्ये सारांश मागू नका, तो गप्प बसेल आणि तुम्हाला वाटेल समजलंच नाही.

डिचोलीकर_बाप: काल रात्री केलं, त्याला टीचर बनवलं आणि मी विद्यार्थी. मी मुद्दाम चुकीचा सारांश सांगितला तर लगेच पकडलं, "बाबा, असं कुठे लिहिलंय?" स्वतःचा मात्र अजून पकडत नाही. आणि एका पानाला पाऊण तास गेला, शेवटी बायको जेवायला हाका मारून वैतागली.