मदत हवी आहे: पांढरे स्फटिक गारगोटी, कॅल्साइट की झिओलाइट?

मु. इंदूर. महूकडच्या खडी-खाणीतल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत दोन तऱ्हेचे पांढरे स्फटिक मिळाले.

'अ': पारदर्शक, फुटला की तिरक्या चौकोनी चिपा निघतात.
'आ': मधे आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखी जुडी, मोतिया चमक.

सुरीने दोन्हींवर रेघ येते. दोन रुपयांच्या नाण्यानेही 'अ'वर आली. पुस्तकात नाण्याची कठिनता (ओरखड्याला विरोध, मोह्सच्या १ ते १० मापावर) ३.५ दिली आहे, तेवढी धरू का? घरी १ ग्रॅमचा वजनकाटा आहे.

छिन्नी:
नाही. पुस्तकातलं नाणं तांब्याचं. आपलं दोन रुपयांचं स्टेनलेस स्टीलचं, बरंच कठीण. विजेच्या वायरीतली तांब्याची तार वापरा (साधारण ३), नख २.५, सुरी ५.५.

रेघ खरी आहे ना, हे आधी बघा. सुरीपेक्षा कठीण दगडावर पोलादच झिजून करडी रेघ उमटते आणि ओरखड्यासारखी दिसते. ओला अंगठा फिरवा, मग नख आडवं ओढा. नख अडकलं तर खाच, पुसली गेली तर नुसतं पोलाद. खाच असेल तर गारगोटी बाद: ती ७, उलट काचेवरच ओरखडा काढते.

'अ'ची चिमूटभर भुकटी करून व्हिनेगर टाका, कॅल्साइट असेल तर फसफसेल. अखंड तुकड्यावर बुडबुडे इतके मंद येतात की लोक 'नाही' म्हणून मोकळे होतात. शिवाय कोनमापक लावा: कॅल्साइटच्या पाटनाचे (ठराविक सपाट पृष्ठांवर फुटण्याचे) कोन ७५ आणि १०५ अंश. स्वच्छ चीप वर्तमानपत्रावर ठेवा, अक्षरं दुहेरी दिसतील.

'आ'साठी विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) काढा. कोरडं वजन घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याने दगड पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला न टेकवता. काटा दाखवील तेवढे घनसेंटिमीटर आकारमान. वजन भागिले आकारमान, झालं.

प्रश्नकर्ता:
'अ': भुकटी फसफसली, कोन १०५, अक्षरं दुहेरी.
'आ': फसफसत नाही. ३८ भागिले १७, म्हणजे २.२४. आता?

छिन्नी:
'अ' कॅल्साइट, वाद नाही.

'आ'ला मात्र काटा कमी पडतो. अर्ध्या ग्रॅमची चूक धरली तर उत्तर २.१४ ते २.३३ यांत कुठेही येईल, आणि नेमकं तिथेच स्टिल्बाइट हे झिओलाइट (२.१ ते २.२) आणि अपोफिलाइट (२.३ ते २.४) शेजारी बसलेत. सराफ्यात कुणी ओळखीचं असेल तर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर करून घ्या. मागे चिकटलेला काळा दगड आधी काढा, तो २.९च्या आसपास असतो, आकडा फुगवतो. जुडीत अडकलेली हवा उलट तो घटवते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून दगड हलवला की सुटते.

प्रश्नकर्ता:
३८.४२ भागिले १७.७१.

अभ्रक:
२.१७. अपोफिलाइट गेलं; ते तसंही चौकोनी खांबासारखं, उभ्या रेघांचं, कठिनता ४.५ ते ५. ह्यूलंडाइट या दुसऱ्या झिओलाइटचे आकडे मात्र स्टिल्बाइटसारखेच, तिथे काटा कितीही बारीक असो, आकारच बघायचा: ह्यूलंडाइट शवपेटीसारखं, मधे रुंद; पेंढी बांधतं ते स्टिल्बाइट. तुमचं स्टिल्बाइट, म्हणजे झिओलाइटच.

जुडीवर कॅल्साइटचा थर असेल तर तो काढायला संडास-क्लीनरचं ॲसिड वापरू नका, स्टिल्बाइटही त्यात खराब होतं. मऊ टूथब्रश आणि साधं पाणी.