घरचा फॉर्म आणि शाळेचा फॉर्म जुळत नाही; खरा कोणता धरायचा?

प्रश्न : तिसरीतल्या मुलीची आई, विश्रामबाग, सांगली

नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची असून मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. अर्ध्या तासाचा गृहपाठ अडीच तास चालतो, कंपासपेटीतली पट्टी आणि खोडरबर दर आठवड्याला नवे आणावे लागते, आणि हाक मारली तर तिसऱ्या हाकेला "काय?" असे उत्तर येते. बालरोगतज्ज्ञांनी एडीएचडीची (लक्ष न लागणे व अतिचंचलता या अवस्थेची) शंका व्यक्त करून व्हॅन्डरबिल्ट प्रश्नावलीचे दोन फॉर्म दिले होते, एक आम्हा पालकांसाठी ५५ प्रश्नांचा आणि दुसरा वर्गशिक्षिकांसाठी ४३ प्रश्नांचा.

मी भरलेल्या फॉर्ममध्ये लक्ष न लागण्याच्या ९ प्रश्नांपैकी ७ प्रश्नांना 'बऱ्याचदा' किंवा 'फारच वेळा' असे उत्तर आले. बाईंच्या फॉर्ममध्ये त्याच ९ पैकी फक्त २ आहेत, आणि खाली त्यांनी हाताने लिहिले आहे : "शांत व गुणी मुलगी आहे. काही तक्रार नाही." त्यात माझ्या यजमानांनी पालकांचाच फॉर्म स्वतंत्रपणे भरून पाहिला, तर त्यांचे ४ आले, कारण "मीही लहानपणी असाच होतो, त्यात काय एवढे" हे त्यांचे म्हणणे. आता मीच तिच्याबाबतीत फार कडक आहे की काय, असे वाटू लागले आहे. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचे आहे. तत्पूर्वी बाईंना फॉर्म पुन्हा भरायची विनंती करावी का?

उत्तर : बालमानसशास्त्रज्ञ, सातारा

कृपया तशी विनंती करू नका. फॉर्म जुळावा म्हणून पुन्हा भरून घेतला की त्यातली माहितीच नाहीशी होते. पालक आणि शिक्षक यांची उत्तरे एकमेकांशी फारशी जुळत नाहीत, हे या क्षेत्रात जुने निरीक्षण आहे. १९८७ साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा वेगवेगळ्या भूमिकांतून मुलाला पाहणाऱ्यांच्या उत्तरांमधला सहसंबंध (उत्तरे पूर्ण जुळली तर तो १ येतो) सरासरी केवळ ०.२८ इतका आढळला होता. घर आणि वर्ग या दोन जागा मुलाकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात, त्यामुळे दोन्ही फॉर्म प्रामाणिक असूनही निराळे असू शकतात.

गुण कसे मोजतात ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण असतात आणि २ किंवा ३ आले तरच ते लक्षण 'आहे' असे धरतात. ९ पैकी ६ लक्षणे असावी लागतात, शिवाय शेवटच्या ८ प्रश्नांत, म्हणजे वाचन, लेखन, गणित, घरच्यांशी व मित्रमैत्रिणींशी संबंध वगैरेंत, किमान एका ठिकाणी ४ किंवा ५ गुण, म्हणजे प्रत्यक्ष अडचण, दिसावी लागते. त्यामुळे तुमच्या ७ या आकड्याइतकेच ते शेवटचे पान महत्त्वाचे आहे, आणि माझ्या अनुभवात बहुतेक पालक नेमके तेच घाईत भरतात. मधल्या प्रश्नांत हट्टीपणा, चिंता, उदासीनता यांची चाचपणी असते, कारण घाबरलेले मूलही अभ्यासात लक्ष लावू शकत नाही.

या सर्वांवरून निदान होत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ नुसार (मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणारे अमेरिकी पुस्तक) लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. ते ठरवण्याचे काम डॉक्टर मुलाखत व तपासणी यांतून करतात, फॉर्म त्यांना फक्त कोणता प्रश्न खोलात विचारायचा ते दाखवतो.

तुमच्या बाबतीत मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, शिक्षकांच्या फॉर्मवर वरच्या बाजूला 'हे मूल्यमापन किती आठवड्यांच्या वा महिन्यांच्या निरीक्षणावर आधारित आहे' अशी एक जागा असते. ती भरलेली आहे का? दुसरी, फॉर्म मराठीत कोणी आणि कसा करून दिला? इंग्रजीतल्या चार पायऱ्यांचे मराठी करताना 'कधीकधी', 'अनेकदा', 'बऱ्याचदा', 'नेहमी' हे शब्द जो तो आपापल्या अंदाजाने वापरतो, आणि आपल्याकडे आठवड्यातून दोनदा घडलेल्या गोष्टीलाही 'नेहमीचेच आहे हिचे' म्हणण्याची सवय आहे. त्यामुळे मी पालकांना प्रत्येक २ किंवा ३ च्या शेजारी गेल्या पंधरवड्यातला एक प्रसंग लिहायला लावतो. प्रसंग आठवला नाही तर खूण बदलायची.

आणखी एक. चंचल नसलेली, केवळ हरवलेली मुलगी वर्गात कोणालाही त्रास देत नाही, म्हणून मुलींचे हे स्वरूप अनेकदा उशिरा लक्षात येते. "काही तक्रार नाही" याचा अर्थ "काही अडचण नाही" असा होतोच असे नाही. यजमानांचे वाक्यही डॉक्टरांना अवश्य सांगा. ही अवस्था कुटुंबात चालत येते, त्यामुळे त्यांच्या ४ या आकड्यापेक्षा ते एक वाक्य अधिक कामाचे ठरू शकेल.

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षक, तासगाव

फॉर्म भरणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहितो. असे फॉर्म आमच्याकडे मधल्या सुट्टीत येत असत, पटावर पन्नासच्या आसपास मुले असत, आणि पालक दाराशी उभे असत. मग जो मुलगा रोज भांडणे करतो त्याच्या सगळ्या रकान्यांत ३ पडत, त्यात लक्ष न लागण्याचे रकानेही आले, आणि जी मुलगी डबा खाऊन निमूट बसते तिच्या सगळ्यांत ०. मी स्वतः असे भरलेले आहे, हे कबूल करतो. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांबाबतही आमची गफलत होते. जूनमध्ये जेमतेम सहा पूर्ण झालेले मूल आणि सात पूर्ण व्हायला आलेले मूल एकाच बाकावर बसते, आणि आम्ही दोघांना एकाच मापाने मोजतो. तुमच्या मुलीची जन्मतारीख वर्गात कुठे बसते, तेही पाहा.

फॉर्मऐवजी तिची वही बाईंसमोर ठेवावी, असे सुचवतो. फळ्यावरून उतरवलेल्या उताऱ्यात पहिल्या तीन ओळी सुवाच्य असून चौथ्या ओळीपासून मधले शब्द गळत असतील, किंवा एका पानावर बेरजेची गणिते बरोबर असून वजाबाकीचे चिन्ह न पाहता तिथेही बेरीजच केलेली असेल, तर शिक्षकाला ते लगेच दिसते. त्यानंतर "पाच दिवस फक्त एवढेच पाहाल का, की एकदा सांगितलेली सूचना ती पहिल्यांदा ऐकते की शेजारणीचे पाहून करते?" असे विचारावे. एका मुद्द्यावर पाच दिवसांचे निरीक्षण कोणतीही बाई आनंदाने करते, ४३ प्रश्न मात्र कोणालाच नको असतात.

शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्यांच्या ३० आजार व अवस्थांच्या यादीत एडीएचडीही आहे, आणि तिथून मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येते.

उत्तर : एक वडील, मिरज

आमचा अनुभव निराळा आहे, म्हणून लिहितो. मुलगा सात वर्षांचा असताना आमचे आणि शाळेचे दोन्ही फॉर्म अगदी जुळले होते, दोन्हींत लक्ष न लागण्याची भरपूर लक्षणे होती, आणि आम्ही निदान झाले असेच समजून बसलो होतो. डॉक्टरांनी मात्र "बोलता बोलता मध्येच थांबतो का?" असे विचारले, त्याच्या हातात कागदी फिरकी दिली आणि न थांबता जोरजोराने फुंकायला सांगितले. दोन मिनिटे झाली नसतील, तोच फिरकी थांबली, तो दहाएक सेकंद समोर एकटक पाहत राहिला, पापण्या किंचित फडफडल्या, आणि मग काही घडलेच नाही अशा थाटात त्याने पुन्हा फुंकायला सुरुवात केली. ती अपस्माराची (फिट येण्याच्या आजाराची) एक जात निघाली. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढल्यावर खात्री झाली. दिवसातून कित्येकदा असे होत होते आणि आम्ही सगळे त्याला 'तंद्री' म्हणत होतो. तुमची मुलगी तिसऱ्या हाकेला उत्तर देते असे लिहिले आहे, म्हणून कानांची तपासणी, घोरणे आणि झोप, डोळे, हिमोग्लोबिन आणि अशा एकटक पाहण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. फॉर्म पुन्हा काढून पाहिला. ती वरची जागा भरलेली आहे, आणि तिथे '५ आठवडे' असे आहे. आधीच्या बाई दिवाळीनंतर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, हे मला माहीत होते, पण त्याचा फॉर्मशी संबंध जोडला नाही. वहीतल्या चौथ्या ओळीबद्दल तासगावच्या गुरुजींनी लिहिले आहे, ते मात्र वाचून अंगावर काटा आला. प्रसंग लिहायला बसले तेव्हा माझ्या ७ पैकी २ खुणांना एकही प्रसंग आठवला नाही, म्हणजे माझेही ५ उरले. आता आधीच्या बाईंकडून फॉर्म भरून घेतला तर चालेल का? त्यांनी तिला दुसरीपासून दिवाळीपर्यंत पाहिले आहे.

उत्तर : बालमानसशास्त्रज्ञ, सातारा

चालेल. त्यांनी कोणत्या काळातले निरीक्षण लिहिले आहे ते त्या जागेत स्पष्ट नोंदवून घ्या, आणि तुमचा ७ खुणांचा जुना फॉर्म फाडू नका. जुना, नवा, यजमानांचा आणि दोन्ही बाईंचे असे पाचही कागद आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. ५ आले म्हणून शंका मिटली असेही समजू नका. पुढे काही उपाय सुरू झालेच, तर हेच फॉर्म त्याच व्यक्तींकडून ठरावीक अंतराने भरून घेतात आणि फरक पाहतात, म्हणून आजची तारीख प्रत्येकावर टाकून ठेवा.