मदत हवी आहे: एंजल माशांची जोडी अंडी देण्याच्या बेतात, पण वरून फ्लॅश दिला की अंग पांढरंफटक आणि पोट काळं

नमस्कार मंडळी. फोटोग्राफी आणि मासे, दोन्हींतल्या जाणकारांना विचारते आहे, आणि जरा घाईत.

माझ्या तीन फुटी टाकीत एंजलची जोडी जमली आहे. दोघं ॲमेझॉन स्वोर्ड या पाणवनस्पतीचं एकच रुंद पान धरून बसलेत, तोंडाने घासून साफ करतात, टाकीतल्या छोट्या निऑन टेट्रा माशांना जवळ फिरकू देत नाहीत. मादीची अंडनलिका दिसायला लागली आहे, म्हणजे अंडी आता आज-उद्याच. त्यानंतर ते आळीपाळीने छातीचे पर हलवून अंड्यांवर पाणी खेळतं ठेवतात आणि पांढरं पडलेलं, बुरशी धरलेलं अंडं नेमकं वेचून काढतात. मला ते वेचणं टिपायचं आहे. सत्तावीस अंशांना दोन-अडीच दिवसांत पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात, त्यामुळे वेळ थोडा आहे.

टाकीच्या एलईडीवर भागत नाही. परांची हालचाल थांबवायला शटर वाढवावं तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० च्या पुढे जातो, शिवाय फोटोत आडवे पट्टे येतात. म्हणून कॅमेऱ्यापासून वेगळा फ्लॅश घेतला, रेडिओ ट्रिगरवर. १०० एमएम मॅक्रो, १/२००, एफ ११, आयएसओ १००, फ्लॅश मॅन्युअलवर, पूर्ण पॉवरच्या १/१६. टाकीवर काचेचं झाकण आहे. त्याच्या थोडा वर, पाण्यापासून साधारण १५ सेंटीमीटरवर फ्लॅश आडव्या दांडीला बांधला आहे, तोंड खाली, त्यावर ट्रेसिंग पेपर. खोली अंधारी, लेन्सचं रबरी हूड पुढच्या काचेला टेकवलेलं. काचेतलं प्रतिबिंब त्यामुळे पूर्ण गेलं.

अडचण उरली ती माशाचीच. एंजलची कूस म्हणजे उभा आरसा. मासा जरा कलला की पाठीजवळचे खवले फोटोत नुसते पांढरे होतात, तिथे तपशीलच राहत नाही, आणि त्याच फोटोत पोट आणि खालचे लांब पर काळोखात. पॉवर कमी केली की खवले सावरतात, पण खालचं सगळं जातं. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावून पाहिला, फरक पडला नाही.

दुसरा फ्लॅश घ्यावा का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, फ्लॅशने जोडी बिथरून अंडी खाणार तर नाही ना? तसं असेल तर मला फोटो नकोत.

प्रतिसाद १

ताई, दुसरा फ्लॅश इतक्यात घेऊ नका. आहे तोच वर उचला.

पाण्यापासून १५ सेंटीमीटरवर फ्लॅश असताना १० सेंटीमीटर खोलीवरच्या पाठीला तो २५ वर आहे आणि ३० खोलीवरच्या पराला ४५ वर. प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणजे पाठीला सव्वातीनपट जास्त. तोच फ्लॅश ६० वर न्या: ७० आणि ९०, फरक पावणेदोनपटीच्या आत येतो. हिशेब ढोबळ आहे, पण फोटोत लगेच दिसेल. यात तीन स्टॉप प्रकाश जाईल, म्हणजे तीनदा निम्मा होईल. आयएसओ ४०० करा, पॉवर १/८. एकदम फुल पॉवरवर जाऊ नका, चमक लांबते आणि हलणारे पर पुसट येतात.

खवल्यांसाठी प्रकाश मोठा हवा. ट्रेसिंग पेपर फ्लॅशच्या तोंडावर लावून उपयोग नाही, तो झाकणाच्या काचेवर पसरा आणि फ्लॅशचा झोत त्यावर पूर्ण पसरू द्या. आरशात मग बारीक टिकली न दिसता मोठा मऊ पट्टा दिसतो. पोटासाठी बाजूच्या काचेला बाहेरून पांढरा थर्माकोल टेकवा, आणि पानाखाली गडद रेती असेल तर तिथे थोडी पांढरी वाळू.

पोलरायझर धातूसारख्या चकाकीवर चालत नाही. काचेवरही तो तिरपं पाहतानाच कामाचा, तुम्ही समोरून काढताय.

आणि दांडी पक्की बांधा, फ्लॅशला वेगळी सुरक्षादोरी घाला, झाकण काढू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात, तो पाण्यात पडता कामा नये.

प्रतिसाद २

मी एंजलची पैदास करतो, तेवढ्यापुरतं सांगतो. माशाला पापणी नसते आणि बहुतेक माशांची बाहुली आपल्यासारखी आकसत नाही. डोळ्याला उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून काळोखातल्या माशावर फ्लॅश मारू नका. टाकीचा दिवा निदान अर्धा तास आधी लावा आणि शूटिंगभर चालूच ठेवा. खोली अंधारी चालेल, टाकी नको.

माझ्या अनुभवात जोडी चमकेपेक्षा काचेसमोरच्या हालचालीला जास्त घाबरते. स्टँड, हूड, खुर्ची आत्ताच मांडून ठेवा, अंडी पडल्यावर काही हलवू नका. पहिल्या एक-दोन चमकांना मासे दचकले आणि लगेच पानावर परतले तर चालू ठेवा. पान सोडून कोपऱ्यात गेले, किंवा चांगली अंडी तोंडात घ्यायला लागले, तर तिथेच थांबा. नवी जोडी पहिल्या खेपेला तशीही अंडी खाते, त्याचं खापर लगेच फ्लॅशवर फोडू नका.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. फ्लॅश वर नेला, कागद झाकणावर पसरला, दोरीही बांधली. पाठीवरचे उभे काळे पट्टे आता खवल्यांसकट दिसताहेत. टाकीचा दिवा चालू ठेवून फ्लॅशशिवाय एक फोटो काढून पाहिला, जवळपास काळा आला, म्हणजे एलईडीचे पट्टे येणार नाहीत. थर्माकोलने पोट उजळलं, पण पान आडवं असल्यामुळे त्याच्या खाली अजून सावली आहे आणि मादी नेमकी तिथेच घासते आहे. रेती आता उकरायची नाही. थर्माकोल खाली सरकवून तिरपा लावला तर पुरेल, की इथे बाजूच्या काचेतून छोटा दुसरा फ्लॅश लागेलच?