हायड्रोथर्मल व्हेंट : विवर, धुराडं की उन्हाळे?

खानापूरच्या बाई
आमच्या मराठी शाळेतली नववीची मुलं खोल समुद्रातल्या हायड्रोथर्मल व्हेंटवर, म्हणजे समुद्रतळातून तापलेलं पाणी वर उसळतं त्या जागांवर, भित्तिपत्रक करताहेत, आणि मथळ्यालाच अडलीत. 'जलऔष्णिक छिद्र', 'उष्णजलीय विवर', 'जलतापीय निर्गम' असे तीन शब्द हाती लागले. मुलांच्या कानावर घरी मराठी, बाजारात कन्नड. यातला एकही शब्द त्यांच्या तोंडात बसेना. त्यातल्या काळा लोट सोडणाऱ्या प्रकाराला, ब्लॅक स्मोकरला, एकीनं 'काळं धुराडं' लिहिलंय. मला ते आवडलं, पण शास्त्राला धरून आहे का? जाणकारांनी सांगावं.

निपाणीकर
धुराडंच ठेवा की बाई. गुऱ्हाळं बघितलेल्या पोरांना वेगळं समजवायला नको. 'विवर' मात्र नको. 'काळं विवर' म्हटलं की पोरं थेट कृष्णविवराकडे, आकाशात जाणार.

भूगर्भवाला, बेळगाव
विवराबद्दलचं म्हणणं पटलं. 'धुराडं' हा शब्द मात्र अर्धाच बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समुद्रतळ जिथे फाटून दुभंगतो, तिथल्या भेगांतून समुद्राचं पाणी खाली झिरपतं. खालच्या शिलारसाच्या उष्णतेनं ते तापतं, खडकातलं लोखंड, तांबं, जस्त आणि गंधक विरघळवून घेतं आणि पुन्हा वर उसळतं. बाहेरचं पाणी जेमतेम 2 अंशांचं. त्यात मिसळताच धातूंची सल्फाइडं बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतात आणि तो लोट काळा दिसतो. म्हणजे काहीही जळत नाही, धूर नाहीच. नळकांडं मात्र खरंच उभं राहतं. त्याची पहिली भिंत कॅल्शियम सल्फेटची असते. बंबाच्या आत क्षार धरतो तसंच, पाणी तापल्यावर ते बाहेर पडून थर धरतं. मग आतून धातूंचे थर चढत जातात. तेव्हा आकाराला 'धुराडं' चालेल, पण खाली 'यातून धूर नव्हे, खनिजकण निघतात' ही ओळ हवीच.

आणि 'उकळतं पाणी' असं कुठंही लिहू देऊ नका. ही चूक फार दिसते. पाणी 350 अंशांच्या वर असू शकतं, तरी अडीच हजार मीटर खोलीवर दाब हवेच्या सुमारे 250 पट असतो, त्यामुळे ते उकळत नाही. 'कढत' म्हणा.

दुसरं असं की सगळे व्हेंट काळे नसतात. 2000 साली अटलांटिकमध्ये 'लॉस्ट सिटी' सापडलं. तिथले मनोरे पांढुरके, कार्बोनेटचे, सगळ्यात उंच सुमारे 60 मीटर, आणि पाणी साधारण 40 ते 90 अंशांचं. तिथली काही उष्णता खडक आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेतूनही येते. त्याला काळं धुराडं कसं म्हणणार? पोटप्रकाराचं नाव सगळ्या जातीला देता येत नाही.

चंदगडहून
मग कोकणातला शब्द घ्या की : उन्हाळे. राजापूरजवळ ऊन पाण्याचे झरे आहेत, त्यांना उन्हाळेच म्हणतात. दापोलीकडे उन्हवरे गाव आहे. उष्णचं प्राकृतात उण्ह झालं आणि त्याचं ऊन. आपल्याकडे अजून 'आंघोळीला ऊन पाणी काढलंय' म्हणतातच. कन्नडमध्ये 'बिसिनीर बुग्गे', म्हणजे ऊन पाण्याचा झराच. दोन्ही भाषा ऐकणाऱ्या पोरांना एका झटक्यात कळेल.

खानापूरच्या बाई
'उन्हाळे' वाचून मुलं विचारतील, मे महिन्याचे का? पण 'समुद्रतळाचे उन्हाळे' लिहून खाली 'ऊन पाण्याचे झरे' असा खुलासा केला तर घोळ राहणार नाही. अजून दोन अडचणी. व्हेंटपाशी नळीत राहणाऱ्या 'ट्यूबवर्म'ला 'नळीकृमी' लिहिलं तर मुलं जंत समजतात. आणि उपमथळा 'सूर्याशिवायचं जग' ठेवलाय, तो बरोबर आहे ना?

भूगर्भवाला, बेळगाव
'उन्हाळे' मलाही पटलं. काळं धुराडं आणि लॉस्ट सिटी दोन्ही त्यात बसतात.

'नळीकृमी'च ठेवा, पण चित्राशेजारी दोन ओळी द्या. 1977 साली गालापागोसजवळ 'अल्विन' पाणबुडी साधारण अडीच हजार मीटर खाली गेली. मोहीम भूगर्भवाल्यांची, बरोबर जीवशास्त्रज्ञ नव्हता. तिथे शिंपल्यांच्या राशी आणि लाल तुऱ्यांचे हे नळीकृमी दिसले. मोठे झाले की ते दोन मीटरपर्यंत वाढतात, आणि त्यांना तोंड नाही, आतडंही नाही. दुसऱ्याच्या पोटात राहणाऱ्या जंताशी त्यांचा काही संबंध नाही. उलट त्यांच्याच अंगात कोट्यवधी जिवाणू राहतात. तुऱ्यातलं लाल हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड दोन्ही वाहून आत नेतं, आणि त्यावर जिवाणू अन्न तयार करतात. तोंडाशिवाय ते जगतात कसे, हे कोडं 1981 साली जीवशास्त्रज्ञ कोलीन कॅव्हानॉ यांनी सोडवलं. या क्रियेला 'रसायनसंश्लेषण' म्हणतात. हा शब्द बदलू नका, 'प्रकाशसंश्लेषण' मुलांना येतं, त्याच्या जोडीनं हाही लक्षात राहतो.

'सूर्याशिवायचं जग' मात्र बदला. तिथे ऊर्जा सल्फाइडमधून मिळते हे खरं, पण नळीकृमीचे जिवाणू जो ऑक्सिजन वापरतात तो वरच्या समुद्रातल्या प्रकाशसंश्लेषणातून आलेला असतो. 'अंधारातलं अन्न' म्हणा, ते चुकीचं ठरत नाही.

निपाणीकर
आपल्या देशाचं काही आहे का यात?

भूगर्भवाला, बेळगाव
आहे की. डिसेंबर 2024 मध्ये चेन्नईची एनआयओटी (समुद्र तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आणि गोव्याची एनसीपीओआर (ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र) या संस्थांनी हिंदी महासागरात सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या सक्रिय व्हेंटची छायाचित्रं मिळवली. चोर्ला घाट उतरलं की गोवा, म्हणजे बाईंच्या मुलांना शेजारचीच संस्था.

याच महासागरात 2001 साली एक गोगलगाय सापडली, तिच्या पायावर लोहसल्फाइडचे खवले असतात. समुद्रतळावरच्या खाणकामाच्या धोक्यामुळे 2019 मध्ये ती 'संकटग्रस्त' ठरली. तिला मराठी नाव मला माहीत नाही. 'लोहखवली गोगलगाय' कसं वाटतं?

खानापूरच्या बाई
'लोहखवली' मुलांना आवडलं, उद्या चित्राखाली तेच जाईल. 'नामशेष' आणि 'संकटग्रस्त' यातला फरकही तिथंच लिहून घेते, दोन मुलींनी 'नामशेष' लिहिलं होतं.