पन्नास लाखांचा आकडा कुठून आणला?

विमामित्र_लातूर
कमावत्या माणसाच्या वार्षिक उत्पन्नाच्या किमान पाचपट क्रिटिकल इलनेस कव्हर, म्हणजे कॅन्सर, हार्ट अटॅकसारख्या मोठ्या आजाराचा विमा, पाहिजेच. साधारण ५० लाख धरा. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो, घर चालवत नाही. इथं आजार निघाला की पूर्ण रक्कम एकदम हातात. एवढं कव्हर ज्यांच्याकडे नाही, त्यांनी आपल्या लेकरांचा विचारच केलेला नाही.

मृगाचा_पाऊस
शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय, नाहीतर पुढं सरकलो असतो.

पाचपट म्हणजे ५० लाख, म्हणजे वर्षाला १० लाख कमाई. मालक, गंगाखेडात असे लोक कोणत्या गल्लीत राहतात ते सांगा, मी दुकान तिकडं हलवतो.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. २०२२ च्या एप्रिलात बायकोच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन, दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा केमो, मग पंचवीस दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. सगळं संभाजीनगरला. बिल बहुतेक मेडिक्लेमनं भरलं. जे भरलं नाही ते मी खत कंपनीच्या डायरीत मागच्या पानावरून लिहीत आलो. उधारी लिहायची सवय, हात थांबत नाही. एका ओळीत नुसतं ‘नारळपाणी ४०’ आहे. त्या दिवशी तिच्या पोटात तेवढंच टिकलं होतं.

गाडीभाडं ७,००० ची एक फेरी, अशा अकरा: ७७,०००. शेकाच्या पाच आठवड्यांची खोली आणि डबा: १७,०००. मेडिक्लेममध्ये न बसलेल्या तपासण्या, इंजेक्शनं: ६४,०००. घरी स्वयंपाकाला बाई, १२ महिने: ४८,०००. ऐन पेरणीत दुकानाचं शटर अर्धं खाली, त्यात अडीच लाख गेले. बँकेचा हप्ता १४,५०० प्रमाणे १,७४,०००. बेरीज ६,३०,०००.

म्हणून आमच्यासारख्याला १० लाख पुरतात. मेडिक्लेम वेगळा. तेवढंच मी नंतर माझ्या नावावर घेतलं. तिला आता कोणी देत नाही. लेकरांचा विचार आम्हाला शिकवू नका.

पगारी_माणूस
वहिनी बऱ्या आहेत ना? मग बोलतो. दुकानाचं नुकसान धरलं आणि हप्ताही धरला. हप्ता दुकानाच्याच कमाईतून जात होता. एकच पैसा दोनदा मोजला. खरी बेरीज ४,५६,०००.

आणि तेवढ्यासाठी पॉलिसी कशाला? महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो. प्रीमियमचे पैसे पोस्टात टाका.

मृगाचा_पाऊस
हप्त्याचं बरोबर आहे गुरुजी. शिकवलेलं गणित दिसतंय. पण फुले योजना दवाखान्याला पैसे देते. माझं शटर ती उघडत नव्हती.

विमामित्र_लातूर
माझंच म्हणणं तुम्ही डायरीतून सिद्ध केलंत, धन्यवाद. आता पुढचं धरा. आजार तुम्हाला झाला असता तर? तेव्हा शटर अर्धं नाही, पूर्ण बंद. तेही एक वर्ष नाही, दोन-तीन. मग दहा लाख किती दिवस? शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, प्रीमियमवर आयकरात सूट आहे…

पगारी_माणूस
ती सूट जुन्या करप्रणालीतच. निम्मं सांगायची तुमची जुनी खोड आहे.

विमामित्र_लातूर
सर, तुम्हाला भरपगारी रजा आहे, वैद्यकीय बिलाची प्रतिपूर्ती आहे. छत्री घेऊन उभं राहायचं आणि भिजणाऱ्याला म्हणायचं, पाऊस कुठंय!

पगारी_माणूस
प्रतिपूर्तीचं नाव काढू नका. वडिलांच्या बायपासची फाईल चौदा महिने फिरली. तीनदा झेरॉक्स दिल्या, प्रत्येक वेळी वेगळाच कागद कमी. तोवर पतसंस्थेचं व्याज मीच भरत होतो.

नाइट_ड्यूटी
एका दवाखान्यात हृदयविभागात रात्रपाळी करते. रकमेवर भांडताय, पण पैसे कधी मिळतात ते कोणी बोलेना. विमावाल्या दादांनी ‘आजार निघाला की’ लिहिलंय, तिथंच लोक फसतात.

स्टेंट टाकला म्हणजे हार्ट अटॅकचा क्लेम बसला असं नाही. छातीत दुखणं, ईसीजीत नवे बदल आणि रक्तात ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याची खूण) वाढलेलं, हे सगळं कागदावर लागतं. बायपास छाती उघडून किंवा छोट्या छिद्रातून केलेला बसतो, अँजिओप्लास्टी नाही. लकव्यात तीन महिन्यांनंतरही दोष उरलेला दाखवावा लागतो. कॅन्सर अगदी सुरुवातीचा, जागच्या जागी असेल तर बहुतेक पॉलिसींत बाहेर. किडनीत कायमचं डायलिसिस लागलं किंवा किडनी बदलावी लागली तरच. पॉलिसी घेतल्यावर पहिले ९० दिवस सहसा काहीच नाही, आणि निदानानंतर बऱ्याच ठिकाणी ३० दिवस जिवंत राहावं लागतं. हे शेवटचं एका बाईला समजावून सांगताना माझीच जीभ अडखळली होती.

नातेवाईक आयसीयूच्या दारात मोबाईलवर पॉलिसीची पीडीएफ उघडून विचारतात, “सिस्टर, यात आमचं बसतं का?” मी काय सांगू? पन्नास लाखांची पॉलिसी घ्या नाहीतर पाचची, व्याख्यांची पानं आधी वाचा.

वावरवाला_परळी
विमा म्हटलं की माझं डोकं सटकतं. २०२५ च्या सप्टेंबरात वावरात गुडघ्याएवढं पाणी, सोयाबीन झाडावरच उगवलं. एक रुपयात होता तो पीक विमा त्याच वर्षी बंद केला, विमा रकमेच्या दोन टक्के भरून घेतले. आणि नुकसान कळवायला गेलो तर म्हणे यंदा वैयक्तिक पंचनामा नाहीच, मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे आसपासच्या गावांत नमुन्याची वावरं कापून निघालेल्या सरासरीवर, काय ते ठरेल. आधी ७२ तासांत कळवा म्हणून जीव खात होते. आता तुम्ही छातीचा विमा विकायला आलात व्हय?

पगारी_माणूस
त्या ७२ तासांनी आमच्या गावात किती जणांचं वाटोळं केलं! रेंज नाही, ॲप उघडत नाही, फोटो चढत नाही.

मृगाचा_पाऊस
माझ्या दुकानात रांग लागायची, “मालक, तेवढा फोटो टाकून द्या.” एकदा दिवसात चाळीस जणांचे टाकले. एकाच्या खात्यात १३७ रुपये आले. तो ते मला चहाला द्यायला आला.

विमामित्र_लातूर
पीक विमा आणि आरोग्य विमा वेगळा. विषय भरकटतोय.

वावरवाला_परळी
तुम्हाला वेगळा. आम्हाला सही करणारा हात एकच आहे. तिकडं मंडळाची सरासरी आडवी येते, इकडं ताईंनी सांगितलेली व्याख्या. माझं पीक गेलं पण मंडळाचं गेलं नाही, तसं माझं हृदय बंद पडलं पण त्यांच्या यादीतलं नाही!

विमामित्र_लातूर
व्याख्या कंपनीच्या मनाच्या नसतात. मोठ्या आजारांच्या व्याख्या विमा नियामकानं सगळ्यांसाठी सारख्या केल्यात. लपवाछपवी करू नका, शुगर-बीपी अर्जात लिहा, क्लेम अडत नाही. वीस वर्षं हेच करतोय. माझ्या ग्राहकांत अकरा जणांना पूर्ण पैसे मिळाले.

वावरवाला_परळी
आणि किती जणांना नाही मिळाले?

विमामित्र_लातूर
चार. त्यातल्या दोघांनी शुगर लपवली होती.

नाइट_ड्यूटी
आणि उरलेले दोन?

विमामित्र_लातूर
एकाचा स्टेंट होता. एक बावीस दिवसांत गेले. मी त्यांच्या दहाव्याला गेलो होतो ताई. तिथं कोणी मला पाणी विचारलं नाही.

मृगाचा_पाऊस
हे मूळ पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी भांडलोच नसतो.

बरं, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. मीच आडवा झालो तर एका वर्षाचा हिशोब पुरत नाही. दोन वर्षांचा घरखर्च, हप्ता आणि येण्याजाण्याचं मिळून माझं १४-१५ लाखांवर जातं. पण ५० नाही म्हणजे नाही. वयाबरोबर प्रीमियम चढतो आणि एखाद्या दुष्काळी साली तो मुदतीत भरला नाही की पॉलिसीच गेली. झेपेल तेवढं घ्यावं आणि बायकोच्या नावानंही घ्यावं. तुमच्या ‘कमावत्या माणसात’ ती धरलेली नाही. आमचं घर तीच आजारी पडल्यावर बसलं होतं.

विमामित्र_लातूर
बायकोचं खरं आहे. पोस्ट बदलतो.

पगारी_माणूस
लेकरांचं वाक्यही काढा.

विमामित्र_लातूर
ते राहू द्या, त्याच्यामुळंच एवढे लोक आले.

वावरवाला_परळी
ताई, मला शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू आहे. लिहायची का?

नाइट_ड्यूटी
लिहायची. आणि सोडायची.

वावरवाला_परळी
लिहितो. कारभारणीचं आणि माझं पाच-पाच लाखांचं विचारतो, पण तूर विकल्यावर. तोवर आजाराला म्हणावं थांब जरा, अजून तुझे ९० दिवस चालू झाले नाहीत.