सी भाषेत मराठी मजकूर वाइड कॅरेक्टरमध्ये (ठरावीक रुंदीची घरं) ठेवायचा की सरळ यूटीएफ-८ (चिन्हाला लागतील तितके बाइट) मध्ये? माझं मत: वाइड नकोच

गोदाकाठ:
नाशिकच्या अंबडला छोट्या कंपनीत आहे, आमचं सॉफ्टवेअर लासलगावकडच्या कांदा व्यापाऱ्यांच्या काटापावत्या काढतं. मागच्या महिन्यात 'ज्ञानेश्वर' नावाच्या शेतकऱ्याच्या पावतीवर नाव अर्धंच, आणि पुढे सगळा कचरा. दोन दिवस गेले शोधण्यात. नाव वाइडमध्ये ठेवतो, छापताना डब्ल्यूसीएस-टू-एमबीएस (wcstombs) फंक्शनने मल्टिबाइट, म्हणजे इथे यूटीएफ-८, करतो, बफर २० बाइटचा. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एकेक चिन्ह: व्यंजन, मात्रा, हलंत) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातो, हे नाव १० चं म्हणजे ३० बाइट झाले, फंक्शनने ६ भरले, सातवा बसेना म्हणून १८ वर थांबलं आणि शेवटी नल (मजकूर संपल्याची खूण) टाकलाच नाही! आमचा चेक होता की उत्तर २० आलं तर बफर भरला, आलं १८, चेक पास. असलं जोखमीचं कन्व्हर्जन ठेवायचंच कशाला, आत-बाहेर सगळीकडे यूटीएफ-८ ठेवा.

सातपूरकर:
नाही पटलं भाऊ. जागा मोजणं तुझं काम होतं. पॉझिक्स (लिनक्ससारख्या सिस्टिमचं मानक) मध्ये पहिल्या जागी बफरऐवजी नल पॉइंटर दिला की किती बाइट लागतील ते तेच फंक्शन सांगतं, त्यात शेवटच्या नलसाठी १ मिळवायचा, मग मॅलॉकने तेवढी जागा घ्यायची. आणि यूटीएफ-८ चा बफर छोटा पडला तरी नाव कापलं जाणारच, तेही अक्षराच्या मधोमध, वाइडमध्ये निदान पूर्ण कोडपॉइंट तरी राहतो.

कॉलेजरोड_टीई:
दादा पण कोडपॉइंट म्हणजे अक्षर नाही ना? 'नाशिक' आपण ३ अक्षरं म्हणतो, वाइडमध्ये ५ होतात. 'क्षि' एकच दिसतं पण ४ आहेत. मग वाइडमध्ये कापलं तरी शेवटी लटकता हलंत राहू शकतो.

गोदाकाठ:
अगदी हेच! शिवाय वाइडची रुंदी विंडोजवर १६ बिट आणि लिनक्सवर ३२, एकच कोड दोन ठिकाणी वेगळा वागतो.

सातपूरकर:
हलंताचं मान्य, तिथे मी चुकलो. पण विंडोजवर मराठी नावाची फाइल उघडायला एपीआय (सिस्टिमची फंक्शनं) सहसा वाइडच घेतं, तिथे कन्व्हर्जन टाळणार कसं? म्हणून पोरांनी हे नीट शिकायलाच पाहिजे. सुरुवातीला सेटलोकेल करायचं (प्रोग्रामला भाषा आणि एन्कोडिंग सांगायचं), नाहीतर प्रोग्राम 'सी' लोकेलमध्येच चालतो आणि लिनक्सवर पहिल्याच मराठी अक्षराला कन्व्हर्जनकडून उणे १ (एरर) मिळतो. तो उणे १ सुद्धा साइझ-टी मध्ये येतो जो अनसाइन्ड (ऋण संख्या नसलेला) प्रकार आहे, म्हणून 'शून्यापेक्षा कमी का' असं विचारलं तर उत्तर कायम नाहीच येतं, उणे १ लाच साइझ-टी मध्ये कास्ट करून (प्रकार बदलून) त्याच्याशी तुलना करायची. यात फसलेल्या लोकांचा कोड मी दोनदा दुरुस्त केलाय.

गोदाकाठ:
विंडोजपुरतं ठीक, पण ते कन्व्हर्जन एका फाइलीत कोंडून ठेवीन, पावतीच्या कोडमध्ये वाइड परत आणणार नाही.