आधी पार्किंग बघा, मग बॅटरी

बारा वर्षं जुनी पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यावी का, यावर सगळी चर्चा बॅटरी किती टिकेल इथेच अडकलीय. मला ती भीती थोडी जास्तच वाटते. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी देतात, आणि बॅटरी एका दिवसात मान टाकत नाही, क्षमता हळूहळू उतरते.

खरा प्रश्न वेगळाच आहे. रात्री गाडी उभी राहते तिथे स्वतःचा प्लग आहे का? २३० व्होल्टच्या साध्या १६ अँपिअर सॉकेटवर तासाला साधारण ३ युनिट भरतात. आठ तासांत २४. युनिटला ६ किमी धरले, थोडी वीज वाया गेली, तरी सव्वाशे किमी सहज. रोजचं जाणं-येणं पन्नासच्या आत असेल तर विषयच संपला! प्लग नसेल तर मात्र दर आठवड्याला चार्जरपाशी ताटकळणं आलं, त्यात ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंगही मंदावतं.

आणि हो, गाडी वर्षाला जेमतेम चार हजार किमी फिरत असेल, तर इंधनाच्या बचतीतून नव्या गाडीचे पैसे वसूल होणं कठीण. मी तरी जुनीच अजून दोन वर्षं ओढली असती.